४५ टक्के, पण कशाचे?

पेटची तयारी करताना 'चल', 'मापन', 'वैधता' हे शब्द आपण पाठ करतो. आज ते एका वेगळ्या ठिकाणी बघू, म्हणजे अपघातानंतरच्या नुकसानभरपाईत. इथे मापन चुकलं तर एखाद्या घराचे लाखो रुपये जातात.

आमच्या मेढ्याकडची गोष्ट घ्या. जावळी तालुक्यातली कितीतरी माणसं मुंबईत माथाडी कामगार आहेत. समजा, त्यातला ३८ वर्षांचा एक जण सुट्टीला गावी आला आणि केळघर घाटात गाडीने उडवला. पाय मोडला. सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र मिळालं, कायमचं अपंगत्व ३० टक्के. आता भरपाई किती?

सूत्र अवघड नाही. वर्षाचं उत्पन्न, त्यात पुढच्या वाढीची भर, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, गुणिले कमाईच्या क्षमतेतली घट. गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात पक्का केला. ३६ ते ४० वयाला १५. वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले. स्वयंरोजगार किंवा ठरावीक पगार असेल आणि वय चाळिशीच्या आत असेल तर ४० टक्के. महिना १५,००० धरले तर वर्षाचे १,८०,०००, वाढीसह २,५२,०००, गुणिले १५ म्हणजे ३७,८०,०००. औषधपाणी, वेदना, बुडालेली हजेरी यांचे पैसे वेगळे.

इथपर्यंत सगळं तक्त्यातलं. खरा वाद शेवटच्या चलावर आहे. प्रमाणपत्रावरचे ३० टक्के तसेच टाकले तर ११,३४,००० येतात. पण पाठीवर ओझं वाहणारा माणूस तो पाय घेऊन पुन्हा वखारीत उभा राहू शकणार आहे का? नसेल तर घट १०० टक्के, आणि रक्कम पूर्ण ३७,८०,०००. एका टक्केवारीत साडेसव्वीस लाखांचा फरक!

हा मुद्दा राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात न्यायमूर्ती रवींद्रन यांनी फार स्वच्छ मांडलाय. संशोधन करणाऱ्याने तो पद्धतीसाठी वाचावा असं माझं मत आहे. पहिला प्रश्न छेदाचा: डॉक्टरांनी लिहिलेले टक्के त्या एका अवयवाचे, की सगळ्या शरीराचे? दुसरा प्रश्न, शरीराची हानी आणि कमाईची हानी एकच का? डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई बुडते; कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणजे डॉक्टर मोजतात एक गोष्ट, आणि न्यायाधिकरणाला हवी असते दुसरी. आपल्या भाषेत, मापन विश्वसनीय आहे, पण या प्रश्नासाठी वैध नाही.

आणि हे दोन्ही बाजूंनी कापतं बरं का. त्याच खटल्यात प्रमाणपत्र ४५ टक्क्यांचं होतं, न्यायालयाने कमाईची घट २० टक्के धरली. २०२० च्या पप्पू देव यादव निकालात हात गमावलेल्या डेटा एंट्री ऑपरेटरचं प्रमाणपत्र ८९ टक्क्यांचं होतं. घट ६५ टक्के धरली गेली. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आणि 'हा माणूस रोज नेमकं काय काम करत होता' याचा पुरावा, दोन्ही लागतात. माथाडी मंडळाकडे नोंद असते, हे त्या कामगाराचं भाग्य. शेतावर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात राबणाऱ्याकडे कसली आलीय पगारचिठ्ठी?

थोडं व्यवहाराचं. दावा अपघाताच्या जागीच करावा लागतो असं नाही. जखमी जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो, म्हणजे मुंबईत अपघात झाला तरी मेढ्याच्या माणसाला सातारा आहे. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये. चूक कुणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला ठरावीक अडीच लाख मिळतात, तो वेगळा मार्ग.

कुणाला यावर लघुप्रबंध करायचा असेल तर नमुन्याकडे लक्ष द्या. आपल्याला सहज वाचायला मिळतात ते अपिलात गेलेले, भांडलेले खटले. लोकअदालतीत मिटलेल्या दाव्यात रक्कम दिसते, पण घट किती धरली हे बहुधा दिसत नाही. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली तर ती कशाचीच सरासरी नसेल.

चांगला विषय हवा असेल तर मी घरातल्या बाईचं उत्पन्न सुचवेन. २०२१ च्या कीर्ती निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणाचे आकडे घेतले: बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. सर्वेक्षणातला एक रकाना थेट निकालपत्रात गेला. जावळीतल्या बाईच्या दिवसात यावर गुरं, लाकूडफाटा आणि भातलावणीही असते. ती मिनिटं कुठल्या रकान्यात जातात, हे शोधायला बसा.