ओट्याची उंची किती? इंटिरियर डिझाइनच्या पहिल्या वर्षातील मोजमाप

इंटिरियर डिझाइनला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात रंग, पडदे, दिवे आणि फर्निचर असते. पहिल्या वर्षी हातात मात्र मोजमापाचा टेप येतो. एखादी खोली, बहुधा स्वतःच्या घरातील किंवा वसतिगृहातील, मोजून तिचा आराखडा काढा, असे सांगितले जाते. काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचे बरेचसे घोटाळे याच टप्प्यावर टळतात किंवा सुरू होतात. या लेखात आपण दोन मोजमापे पाहू: खोलीचे आणि ती वापरणाऱ्या माणसाचे.

खोलीपासून सुरुवात करू. कोपऱ्यापासून खिडकी, मग खिडकीची रुंदी, मग खिडकीपासून दार असे तुकडे सुटे मोजून बेरीज केली, तर प्रत्येक तुकड्यातील चूक बेरजेत उतरते. म्हणून टेपचे टोक एकाच कोपऱ्यात धरून तेथून सर्व अंतरे चढत्या क्रमाने वाचावीत. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजावेत. विद्यार्थी नेमके हेच विसरतात. ३ मी × ४ मी खोलीचा प्रत्येक कर्ण ५ मी यायला हवा. समजा एक ५.०५ मी आणि दुसरा ४.९५ मी आला, तर खोली ‘गुण्यात नाही’, असे गवंडी म्हणेल. कोपरा काटकोनापासून सुमारे १.२ अंशाने ढळलेला आहे. एवढा फरक डोळ्यांना कळत नाही. पण त्या कोपऱ्यात ६० सेंमी खोलीचे कपाट भिंतीला टेकवून बसवले की बाजूला सुमारे सव्वा सेंमीपर्यंत रुंदावणारी फट दिसते. सुतार तिला ४ सूत म्हणेल, कारण त्याच्या हिशेबात १ इंच म्हणजे ८ सूत. नकाशातले मिलिमीटर, प्लायवूडचा ८ × ४ फुटांचा तक्ता आणि सुताराचे सूत, या तिन्ही हिशेबांत तुम्हाला सहज ये-जा करता आली पाहिजे. कापलेले प्लाय पुन्हा अखंड होत नाही आणि त्याचे पैसे घरमालकाच्या खिशातून गेलेले असतात.

आता माणूस. ल कॉर्ब्युझिए याने ‘मोड्युलर’ ही मापपद्धती मांडली, तेव्हा आधी १.७५ मी उंचीचा पुरुष धरला होता; नंतर तो सहा फुटी, म्हणजे १.८३ मी केला. चंदीगढच्या इमारतींत ही मापपद्धती वापरली गेली. तिचे गणित सुंदर आहे, पण तो पुरुष आपल्या स्वयंपाकघरात उभा राहत नाही. भारतीय शरीरांची मापे हवी असतील, तर देबकुमार चक्रवर्ती यांचे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले पुस्तक ग्रंथालयात शोधा. मात्र त्यातील तक्ते वाचताना सरासरीच्या रकान्यावर थांबू नका. सरासरी हातपोहोच धरून वरचे फडताळ लावले, तर जवळपास निम्म्या लोकांचा हात तेथे पोहोचणार नाही. जेथे हात पोहोचायला हवा तेथे ठेंगण्या माणसाचे, म्हणजे ५ व्या पर्सेंटाइलचे माप घेतात. जेथून शरीर जायला हवे, उदाहरणार्थ दार, तेथे ९५ व्या पर्सेंटाइलचे.

ओट्याला मात्र यातली कोणतीच टोके चालत नाहीत. तो कोणाला फार उंच होतो, तर कोणाला वाकायला लावतो. पुस्तकांतून आणि दुकानांतून ८५ सेंमीच्या आसपासचा आकडा मिळतो व विद्यार्थी तो डोळे मिटून नकाशात उतरवतात. या कामात खरा आधार कोपराचा. उभ्या माणसाचे कोपर जमिनीपासून साधारणपणे उंचीच्या ६३ टक्के अंतरावर असते. १५० सेंमी उंचीच्या बाईचे कोपर ९४ सेंमीवर येईल. भाजी चिरण्यासारख्या हलक्या कामाला पृष्ठभाग कोपराच्या सुमारे १० सेंमी खाली असावा, म्हणजे ८४ सेंमी. येथपर्यंत पुस्तकाचा आकडा जुळला.

पण आपल्या ओट्यावर फक्त भाजी चिरत नाहीत. पोळ्या लाटताना वरून जोर द्यावा लागतो, त्यासाठी पृष्ठभाग आणखी खाली हवा. वर पोळपाटाची उंची वेगळीच. पूर्वी हे काम जमिनीवर बसून होत असे, म्हणून हा प्रश्न पडत नसे. आणि ओट्यावर शेगडी ठेवली, तिच्यावर कुकर चढवला, की त्याचे झाकण त्याच बाईच्या कोपराच्या बरेच वर जाते. रोज दोन वेळा खांदे उचकून काम करणाऱ्या बाईचे खांदे का दुखतात, याचे एक उत्तर आराखड्याच्या या रेषेत सापडू शकते. उपाय अवघड नाहीत: शेगडीपुरता ओटा १० सेंमी खाली उतरवणे, किंवा लाटण्यासाठी खालच्या पातळीवर ओढून घेता येणारी फळी देणे. अर्थात शेगडीखालच्या ड्रॉवरची उंची तेवढी कमी होते आणि ग्रॅनाइटचा सलग तुकडा तोडावा लागतो, हेही घरमालकाला आधी सांगायला हवे.

त्याच घरात १७० सेंमी उंचीचा मुलगाही स्वयंपाक करत असेल, तर त्याचे कोपर १०७ सेंमीवर आहे. कोणाचे माप धरायचे, हे तक्ता सांगत नाही. दोघे किती वेळ आणि कोणते काम करतात, ते घरी जाऊन पाहा, आणि पुढच्या स्टुडिओला येताना घरातील प्रत्येकाच्या कोपराची उंची, शेगडीची उंची व पोळपाटाची उंची मोजून आणा.