दुसऱ्याचं पात्र, आपली लेखणी

मंडळी, आजचा विषय वरवर पाहता पोरासोरांचा वाटेल. दुसऱ्या लेखकाची पात्रं घेऊन वाचकांनी हौसेने लिहिलेल्या कथांना फॅनफिक्शन म्हणतात. हॅरी पॉटरची पुस्तकं संपली, मन भरलं नाही, मग पुढचं आपणच लिहायचं! अशा कथांचं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संकेतस्थळ २००९ मध्ये खुलं झालं आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. उलट ॲन राइससारख्या लेखिकेने आपल्या पात्रांवर कोणी लिहू नये, असं बजावलं होतं. मग याला निर्मिती म्हणायचं की मूळ लेखकाचा अवमान?

आपल्याकडे हा प्रश्न निघाला की कोणीतरी लगेच म्हणतं, यात नवीन काय? भासाने 'ऊरुभंग'मध्ये दुर्योधनाला नायक केलं, शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाला बोलतं केलं. खरं आहे. पण हे उत्तर जरा स्वस्तातलं आहे, असं आम्हाला वाटतं. व्यासांना घरभाडं द्यायचं नव्हतं. खरी अडचण येते ती लेखक हयात असतो, त्याच गोष्टीचा पुढचा भाग लिहीत बसलेला असतो, तेव्हा. तसं एकदा घडलंय. त्यासाठी आपल्याला चारशे वर्षं मागे, स्पेनमध्ये जावं लागेल.

सर्व्हान्तेसच्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ मध्ये छापून आला. (इंग्रजीच्या वाटेने आपण त्याला क्विक्झोट म्हणतो, तोच हा.) पुस्तक धो धो चाललं, लेखकाची गरिबी मात्र फारशी हटली नाही. या भागाच्या शेवटी सर्व्हान्तेस इटालियन कवी आरिओस्तोची एक ओळ देतो. तिचा आशय असा, की कदाचित दुसरा कोणी हे अधिक चांगलं गाईल. म्हणजे बघा, दार त्यानेच किलकिलं ठेवलं होतं. आणि १६१४ मध्ये त्या दारातून एक जण खरोखरच आत आला. आवेल्यानेदा या टोपणनावाने कोणीतरी किहोतेचा 'दुसरा भाग' प्रसिद्ध केला. सर्व्हान्तेसचा स्वतःचा दुसरा भाग तेव्हा अजून लिहून व्हायचा होता.

आता यात अनादर नेमका कुठे आहे? आम्ही तत्त्वज्ञानवाले शब्दाची चिरफाड केल्याशिवाय पुढे जात नाही, तेव्हा थोडं सोसून घ्या. आवेल्यानेदाने प्रस्तावनेत सर्व्हान्तेसच्या म्हातारपणाची आणि हाताची टिंगल केली. लेपांतोच्या १५७१ च्या लढाईत त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला होता. शिवाय तुझ्या दुसऱ्या भागाची कमाई मी हिरावून घेतोय, असंही त्याला ऐकवलं. हा माणसाचा अपमान झाला, आणि पोटावर पायही. पण कादंबरी लिहिणं आणि ही प्रस्तावना लिहिणं या दोन वेगळ्या कृती आहेत. प्रस्तावना फाडून टाकली तरी कादंबरी उरतेच. ती अगदीच टाकाऊ नाही, असं मानणारे अभ्यासकही आहेत.

मग त्या कादंबरीबद्दल तक्रार काय? ती सर्व्हान्तेसने १६१५ मध्ये आपल्या दुसऱ्या भागात स्वतः किहोतेच्याच तोंडून मांडली. ५९ व्या प्रकरणात किहोते एका खाणावळीत उतरला आहे. पातळ भिंतीपलीकडे दोन प्रवासी आवेल्यानेदाचं पुस्तक वाचताहेत. त्यात किहोते दुल्सिनेआच्या प्रेमातून बाहेर पडलाय, हे कानावर येताच आमचे सरदार उसळतात. माझं नाव चोरलं, ही त्यांची पहिली तक्रार नाहीच. मी दुल्सिनेआला विसरलो म्हणणारा खोटं बोलतो, ही आहे! जो माणूस एका प्रेमाच्या आधारावर उभा आहे, त्याचं प्रेमच काढून घेतलंत, तर उरलं कोण? चिलखत आणि घोडा. आम्हाला वाटतं, पात्राचा अनादर तो हाच.

याच प्रकरणात एक गंमत आहे. सान्चोच्या बायकोचं नाव आवेल्यानेदाने मारी गुतिएर्रेस लिहिलं, म्हणून किहोते चिडतो. खरं नाव तेरेसा पान्सा. पण पहिल्या भागात खुद्द सर्व्हान्तेसनेच तिला एके ठिकाणी मारी गुतिएर्रेस म्हटलं होतं! मूळ कथेशी जुळतं की नाही यावरून आजचे चाहते जे भांडतात, ते इथे पात्र करतंय आणि चूक लेखकाची आहे.

आणि किहोते स्वतः कोण? शिलेदारी कादंबऱ्यांनी वेडा झालेला चाहताच की. पहिल्याच प्रकरणात सांगितलंय, की बेलियानीसची अपुरी राहिलेली कथा आपणच लेखणी घेऊन पुरी करावी, असं त्याला कितीदा वाटे. ते त्याने केलं नाही, घोड्यावर बसून ती कथा जगायला निघाला. ज्या लेखकाने हा माणूस निर्माण केला, त्याला दुसऱ्याच्या कथेत शिरण्याची ओढ समजत नव्हती, असं कसं म्हणणार?

कोणी म्हणेल, पात्र बदललं की अनादर झाला, तर मग लेखकाशी असहमत व्हायचंच नाही का? व्हायचं ना. 'जेन एअर'मध्ये शार्लट ब्राँटीने रॉचेस्टरच्या वेड्या बायकोला माळ्यावर कोंडून ठेवलं. ती कॅरिबियन बेटांवरून आणलेली. १९६६ मध्ये जीन ऱ्हीसने 'वाइड सरगॅसो सी' लिहून तिचं बालपण, तिचं लग्न, तिचं मूळ नाव तिला दिलं. ऱ्हीस स्वतः त्याच बेटांपैकी डॉमिनिकाची. तिची कादंबरी ब्राँटीशी भांडते. पण ते भांडण ब्राँटीचं पुस्तक ओळीओळीने वाचलेल्या बाईचं आहे. जिथे ब्राँटी गप्प बसली, नेमकी तिथे ती बोलते. आवेल्यानेदाचा किहोते शेवटी तोलेदोच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचतो. लेखकाला त्याच्यात वेडापलीकडे फारसं काही दिसलंच नव्हतं.

कायदा इथे थोडीच मदत करतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं, की हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधक अशी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. चांगलं कलम आहे. पण पात्र समजून घेतलंय की नाही, हे कोर्ट कशावरून ठरवणार?

सर्व्हान्तेस कोर्टात गेला नाही. आवेल्यानेदाने किहोतेला सारागोसाला नेलं होतं, म्हणून त्याने आपल्या किहोतेचा रस्ताच बदलला आणि त्याला बार्सेलोनाला पाठवलं. मग आवेल्यानेदाचं एक पात्र, आल्व्हारो तार्फे, उचलून आपल्या कादंबरीत आणलं आणि 'खरा किहोते हाच' असं त्याच्याकडून गावच्या अधिकाऱ्यासमोर रीतसर लिहून घेतलं. म्हणजे नक्कल करणाऱ्याचंच पात्र वापरून मूळ लेखकाने कथा लिहिली! शेवटी, पुन्हा कोणी याला उठवून फिरवू नये म्हणून, किहोतेला मारूनही टाकलं. पुढच्याच वर्षी सर्व्हान्तेस वारला. आवेल्यानेदा कोण होता, याचा निर्विवाद पुरावा आजवर मिळालेला नाही.

चला, आता प्रश्न असतील तर घेऊ या.