बेचाळीस वजा सतरा बरोबर पस्तीस

पालकसभेत कोण बोलतं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. बाई बोलतात, मागच्या बाकावरचे कुणी काका पाण्याच्या टाकीचा विषय काढतात, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आभार मानतात. आणि ज्याच्या अभ्यासासाठी ही सगळी मंडळी जमली, ते मूल कुठे असतं? बाहेर मैदानात. नाहीतर खिडकीला नाक लावून, आपल्याबद्दल आत काय चाललंय त्याचा अंदाज घेत.

आता हीच सभा मुलाने घेतली तर? म्हणजे आमंत्रण मुलाचं, वह्या मुलाच्या, बोलणंही मुलाचं. पालक समोर बसून ऐकणार आणि बाई चक्क बाजूला उभ्या राहणार. उत्तर अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत १९८०च्या दशकापासून ही पद्धत रुजत गेली. स्वीडनमध्ये तर मूल, पालक आणि शिक्षक यांनी दर सत्रात निदान एकदा एकत्र बसून मुलाच्या प्रगतीवर बोलायचं, असं कायद्यातच आहे आणि कित्येक शाळांत ती बैठक मूलच चालवतं. सात वर्षांचं पोर बैठक चालवतं! मला वाटलं होतं, हे कौतुकाचं नाटक असणार. आत काय घडतं ते पाहायला लागलो आणि थक्क झालो.

रत्नागिरी तालुक्यातली एखादी जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांसमोर आणा. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पट जेमतेम वीस. समजा, दुसरीतली एक मुलगी आजीचा हात धरून तिला वर्गात घेऊन येते. आई कंपनीत कामावर आहे, बाबा मुंबईला. मुलगी आजीला बाकावर बसवते आणि आपल्या कामांची संचिका उघडते. पहिलाच कागद जुलैचा. त्यावर ४२ − १७ = ३५ असं लिहिलेलं आणि शेजारी लाल फुली. ‘‘आजी, हे माझं चुकलेलं,’’ मुलगी सांगते.

इथे जरा थांबू या, कारण ही चूक फार देखणी आहे. पस्तीस आले कुठून? सातातून दोन गेले, पाच. चारातून एक गेला, तीन. पस्तीस! मुलीने काही ठोकून दिलेलं नाही. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे पहिलीत शिकलेलं तिने प्रामाणिकपणे पाळलं. फक्त दोन वर आहे आणि सात खाली, याचं तिला काही वाटलं नाही.

१९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा माग काढला. त्यासाठी त्यांनी ‘बगी’ नावाचा संगणकाचा प्रोग्राम केला होता. त्यांच्या हाती काय लागलं? मुलांच्या पुष्कळशा चुका वेंधळेपणाच्या नसतातच. मूल एक चुकीचा नियम मनात धरतं आणि तो प्रत्येक गणितात इमानेइतबारे पाळतं. आपल्याला फुल्याच फुल्या दिसतात. त्यांच्यामागे एक शिस्तबद्ध डोकं काम करत असतं, ते दिसत नाही. तो नियम बाहेर काढायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मुलालाच विचारणं, ‘हे कसं केलंस?’ प्रगतीपुस्तकातली श्रेणी हा प्रश्न विचारत नाही. आजी विचारते.

‘‘अगो, दोनातनं सात जातील कसे?’’

मुलगी दप्तरातून काड्या काढते. दहा-दहांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. एका गठ्ठ्याचा रबर काढते, आता सुट्या झाल्या बारा. बारातून सात गेल्या, पाच. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन. पंचवीस. मग ती संचिकेतला दुसरा कागद काढते, नोव्हेंबरचा, आणि तिथे पंचवीसच लिहिलेलं असतं.

या दोन कागदांच्या दरम्यान काय झालं, ते लक्षात आलं का? जुलैमध्ये मुलीला पस्तीस बरोबर वाटत होते. आज ते चूक आहेत हे तिला कळतंय, आणि आपल्याला तेव्हा बरोबर का वाटले होते हेही सांगता येतंय. स्वतःच्या विचाराकडे बाहेरून बघणं, ही माणसाच्या मेंदूची अजब करामत आहे आणि ती जन्मतः येत नाही. जॉन फ्लॅवेल या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये एक साधा प्रयोग केला. लहान मुलांना चित्रं दाखवायची आणि विचारायचं, यातली किती तुझ्या लक्षात राहतील? बालवाडीच्या वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांनी बेधडक सांगितलं, सगळी दहाच्या दहा. प्रत्यक्षात आठवली तीन-चार. दुसरी-चौथीतल्या मुलांचे अंदाज मात्र खूपच खरे निघाले. म्हणजे आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे कळायची जाण नेमकी प्राथमिक शाळेच्या वर्षांत उमलते. आणि नेमकं त्याच वर्षांत आपण मुलाला बाहेर मैदानात पाठवून त्याच्या प्रगतीबद्दल बोलत बसतो!

सभेच्या दिवसापेक्षा खरी मौज आधीच्या दोन-तीन आठवड्यांत असते. मुलाने आपल्या ढीगभर कागदांतून चार-पाचच निवडायचे. एक मनासारखं जमलेलं काम, एक सुधारलेलं, एक अजून अडलेलं. निवडायचं म्हणजे चांगलं कशाला म्हणायचं, हे आधी ठरवायला हवं. पहिलीतल्या मुलाला हे झेपेल? अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉइसी नावाचं शहर आहे. तिथल्या एका शाळेत पहिलीतल्या ऑस्टिनने फुलपाखराचं चित्र काढलं होतं. समोर फोटो होता, तरी पहिलं चित्र लहान मुलं काढतात तसंच आलं, फोटोशी फारसं नातं नसलेलं. वर्गातल्या मुलांनी त्याला सांगितलं, पंख असे गोल नाहीत, टोकदार आहेत. मग नक्षीबद्दल सांगितलं. त्याने पुन्हा काढलं, आणखी पुन्हा काढलं. सहावं चित्र पाहिलं तर एखाद्या निसर्गपुस्तकासाठी काढलेलं वाटावं. रॉन बर्जर हे शिक्षक ही सहा चित्रं घेऊन ठिकठिकाणी दाखवत आले आहेत आणि पाहणारे दरवेळी आ वासतात. सहावं चित्र एकटं दाखवलं, तर लोक म्हणतील, पोरगा हुशार आहे. सहाही ओळीने मांडली की हुशारी कशी घडते ते दिसतं. संचिकेत जुलैचा तो फुलीवाला कागद ठेवायचा, तो यासाठी.

निवड झाली की तालीम. आपल्याकडे कोकणात नमन या लोकनाट्याची तालीम महिना-महिना चालते आणि खेळ्यांना विचारलंत तर ते सांगतील, खेळ तालमीतच बसतो, रंगमंचावर फक्त दिसतो. इथेही तसंच आहे. मुलगी आधी मैत्रिणीला आजी करून समोर बसवते आणि तिच्यापुढे बोलून पाहते. बोलताना अडखळते आणि जिथे अडखळते तिथेच तिला कळतं, हे आपल्याला नीट समजलेलं नाही. मनातल्या मनात सगळंच येत असतं. तोंड उघडलं की भोकं दिसतात.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. आजी शिकलेली नाही. तिला काय कळणार हातच्याची वजाबाकी? तिच्यापुढे मांडून उपयोग काय? मला तर वाटतं, तिच्याइतका चांगला श्रोता दुसरा नाही. अमेरिकेत संशोधकांनी ‘बेटी’ नावाचं एक संगणकातलं पात्र तयार केलं. तिला काहीच येत नाही, मुलांनी शिकवलं तेवढंच तिला कळतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की ‘बेटीला शिकवायचंय’ म्हणून अभ्यास करणारी मुलं ‘स्वतःसाठी’ शिकणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वेळ खपली आणि जास्त शिकली. आपल्याला जे शिकायला आवडत नाही, ते दुसऱ्याला शिकवायचं म्हटलं की आपण नेटाने शिकतो! इंजिनीअर मामा समोर असेल तर मुलगी ‘दशक फोडला’ एवढं म्हणून मोकळी होईल. आजीसमोर मात्र खरोखर गठ्ठा सोडावा लागतो.

मुलाचं न ऐकताच निकाल लावण्याची, उलट टोकाची गोष्टही रत्नागिरी जिल्ह्याच्या मातीत आहे. दापोलीजवळच्या मुरुडचा एक मुलगा १८७५ च्या सुमारास सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मित्रांबरोबर साताऱ्याला चालत गेला. सह्याद्री ओलांडून, सुमारे ११० मैल, तेही पावसाळ्याच्या दिवसांत. परीक्षेला सतरा वर्षं पुरी लागत. तिथल्या अधिकाऱ्याने त्याची लहानखुरी अंगलट पाहिली, हा काही सतराचा दिसत नाही म्हणाला आणि परीक्षेला बसू दिलं नाही. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे, पुढचे महर्षी आणि भारतरत्न. त्याच्या डोक्यात काय आहे ते कुणी पाहिलंच नाही. उंची पाहून निकाल लागला.

आपल्याकडे कागदावर तरी हे सगळं केव्हाच बदललं आहे. शिक्षण हक्क कायद्याने पालकांना नियमित भेटून मुलाची प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य ठरवलं. ऑगस्ट २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाची साधनं सांगताना त्यात ‘इतर’ या शेवटच्या खान्यात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन आहे. बिचारं शेवटच्या खान्यातच राहिलं. वर्णनात्मक नोंदींच्या वहीत ‘वर्गात लक्ष देतो’ हे वाक्य वर्गातल्या सगळ्या मुलांच्या नावापुढे सारखंच दिसतं, यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. कागद भरायला बसलं की असंच होतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातून जे समग्र प्रगती पत्रक आलं, त्यात मुलाने स्वतःबद्दल सांगायला जागा आहे, सोबत्यांनी आणि पालकांनी सांगायलाही आहे. ‘परख’ या राष्ट्रीय केंद्राने केलेल्या पत्रकात लहान मुलांच्या टप्प्यांची नावं काय आहेत, माहीत आहे? झरा, डोंगर आणि आकाश. सरकारी कागदावर झरा!

मार्च २०२५ पासून ‘निपुण महाराष्ट्र’ या सरकारी अभियानाच्या कृतिकार्यक्रमात गावोगावी चावडी वाचन आणि गणन सुरू झालं. दुसरी ते पाचवीची मुलं गावकऱ्यांसमोर, आईवडलांसमोर वाचून दाखवतात, गणितं करून दाखवतात. मूल मैदानातून आत आलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण माझी एक तक्रार आहे. चावडीवर काय वाचायचं ते दुसऱ्याने ठरवलेलं असतं आणि अडखळणाऱ्या मुलावर सगळ्या गावाची नजर असते. संचिकेची निवड मुलाची असते आणि समोर फक्त त्याची माणसं. निवडीतूनच जर विचार वाढत असेल, तर मला संचिका चावडीपेक्षा उजवी वाटते. त्या संचिकेत गुण कमी आणि शब्दांत सांगितलेलं जास्त असावं, असंही म्हणेन. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या गाजलेल्या प्रयोगात ज्या मुलांना नुसता शेरा मिळाला ती सुधारली. शेऱ्यासोबत गुणही मिळालेली मुलं सुधारली नाहीत. गुण दिसले की शेरा वाचला जात नाही. तुम्ही तरी वाचता का?

कोकणातल्या शाळांचा पट लहान, म्हणून आपण काळजी करतो, आणि ती खरीच आहे. पण मुलांनी घ्यायच्या सभांना लहान पट म्हणजे चैन आहे. वर्गात एका वेळी चार-पाच घरची माणसं बसली, तर दोन दुपारींत अख्खी शाळा होते. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, एक जुनी फाइल पुरते. राहता राहिले मुंबईला असलेले बाबा. ते गणपतीला येतात तेव्हा शाळेला सुटी असते. मग संचिका घरी आणावी आणि सभा पडवीत भरवावी.

तुमच्यासमोर एखादं मूल अशी संचिका घेऊन बसलं, तर एकच गोष्ट सांभाळा. १९७० च्या दशकात मेरी बड रो यांनी वर्गांतली संभाषणं घड्याळ लावून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद वाट पाहत आणि मग स्वतःच बोलू लागत. तीच वाट तीन सेकंदांची केली, तर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलंही बोलू लागली आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. तेव्हा ‘हे कसं केलंस?’ एवढं विचारा. मूल अडखळलं तरी शब्द पुरवू नका, पेन्सिल हातातून घेऊ नका, मोबाइलवर शूटिंग तर मुळीच करू नका. मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा आणि ऐका.