बारशाला जेवलेले तत्त्वज्ञ

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ हा आपल्याकडे टोमणा आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने जवळपास हाच मुद्दा १८४३ साली तर्कशास्त्राच्या जाडजूड ग्रंथात मांडला, तोही अगदी गंभीर चेहऱ्याने. विशेषनाम फक्त बोट दाखवतं, वर्णन करत नाही. डार्टमथ गावाचं नाव पडलं ते डार्ट नदीच्या मुखाशी वसलं म्हणून. पण उद्या नदीने पात्र बदललं, तरी गावाला नाव बदलावं लागणार नाही. मुंबईकराला हे कळायला मिल वाचावा लागत नाही. किल्ल्याच्या तटाबरोबर चर्चगेट नावाचं खरं गेट पाडलं १८६०च्या दशकात, आणि चर्चगेटची लोकल अजून चालूच आहे.

तेलात तीळ नाही

विशेषनामांचं सोडा, साध्या शब्दांचंही असंच. तिळापासून निघतं ते तेल. मग खोबरेल तेल कसं झालं? आणि खुद्द तिळाच्या तेलाला ‘तिळाचं तेल’ असं फोड करून सांगायची वेळ का यावी? शाईचंही तेच. मूळ फारसी ‘सियाही’ म्हणजे काळेपणा, पण वहीत शेरे पडतात ते लाल शाईने. वीणा वाजवण्यात तरबेज तो प्रवीण, तरी आपण एखाद्याला तबल्यातही प्रवीण म्हणतो.

आपल्या शास्त्रीमंडळींनी या भानगडींचे चक्क खाने पाडून ठेवले होते. घटक जोडून अर्थ निघतो तो योग, निव्वळ वापराने चिकटतो ती रूढी, आणि दोन्हींची सरमिसळ म्हणजे योगरूढी. तिचं लाडकं उदाहरण ‘पंकज’: चिखलात जन्मलेलं. चिखलात बेडूकही जन्मतो, पण त्याला पंकज म्हणायची कुणाची हिंमत नाही. त्याहून मजेदार ‘मंडप’. फोड केली तर अर्थ निघतो पेज पिणारा! लग्नाच्या मांडवात शिरताना हे आठवलं, तर हसू आवरा.

शब्दांचा कुंभार कुठे असतो?

पतंजलींनी महाभाष्य या व्याकरणग्रंथात एक झकास निरीक्षण नोंदवलंय. घडा हवा असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जातो आणि घडवून दे म्हणतो. शब्द वापरायचे म्हणून मात्र कुणी व्याकरणकाराच्या दारात जाऊन ‘चार शब्द घडवून द्या’ म्हणत नाही. (ब्रँडला नाव शोधून देणाऱ्या एजन्सी तेव्हा नव्हत्या, हे मान्य.)

एकच माणूस, दोन नावं

जर्मन गणिती गोटलोब फ्रेगेने १८९२ साली एक कोडं घातलं. पहाटेचा तारा आणि सांजतारा, दोन्ही म्हणजे शुक्रच. मग ‘पहाटेचा तारा म्हणजे पहाटेचा तारा’ हे वाक्य फुसकं आणि ‘पहाटेचा तारा म्हणजे सांजतारा’ ही खगोलशास्त्रातली बातमी, असं का? मराठीत हे समजवायला आकाशात बघायलाच नको. ‘गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाग्रज’ म्हटलं तर पोरं जांभया देतील. ‘गोविंदाग्रज म्हणजेच बाळकराम’ म्हटलं की कान टवकारतील. कविता लिहिणारे आणि विनोदी लेख लिहिणारे, दोघेही राम गणेश गडकरीच! फ्रेगेचं उत्तर असं की, नावं एकाच वस्तूपाशी पोचतात, पण वेगवेगळ्या वाटांनी.

पळसाला पानं तीनच, आणि पांगाऱ्याला?

हिलरी पटनम या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७५ साली कबुली दिली की एल्म आणि बीच ही झाडं त्याला वेगळी ओळखता येत नाहीत. तरी त्याच्या तोंडच्या ‘एल्म’चा अर्थ एल्मच. कारण ओळखण्याचं काम जाणकार करतात, आपण त्यांच्या भरवशावर शब्द वापरतो. मला हे वाचून हायसं वाटलं, कारण माझी गाडी पळस आणि पांगाऱ्यापाशी अडते. दोन्हींची फुलं लालभडक. म्हणीवर विसंबून पानं मोजायला जावं, तर पांगाऱ्यालाही तीन-तीनच! शेवटी गावाकडच्या एका काकांनी खोडावर हात फिरवायला लावला. काटे टोचले की पांगारा. तोवर इतकी वर्षं मी ‘पळस’ म्हणत होतो, तेव्हाही अर्थ पळस असाच होता, फक्त तो माझ्याकडे नव्हता. काकांकडे होता.

कुर्रऽऽ

जानेवारी १९७०, प्रिन्स्टन. २९ वर्षांचा तत्त्वज्ञ सॉल क्रिपकी हातात टिपणाचा कागदही न घेता तीन व्याख्यानं देतो आणि नावांचं तत्त्वज्ञान उलटंपालटं करतो. त्याचं म्हणणं, नाव एकदा ठेवलं जातं आणि मग तोंडातोंडी पुढे सरकतं. साखळीच्या पार टोकाला उभा असलेला माणूस काहीच धड माहीत नसताना ते वापरू शकतो. थोडक्यात, आत्या बाळाच्या कानात कुर्र करते, तिच्या पाठीत धपाटे बसतात, आणि पुढचं सगळं जगाने सांभाळायचं. ‘तुझ्या बारशाला जेवलोय मी’ असा दम देणारे आजोबा म्हणजे या सिद्धांताचे प्रत्यक्ष साक्षीदारच.

साखळी मध्येच भलतीकडे वळली तर? इंग्लंडच्या गॅरेथ एव्हान्सने १९७३ साली नेमकं तिथेच बोट ठेवलं. माडागास्कर हे मुळात आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरल्या एका प्रदेशाचं नाव होतं. मार्को पोलोने ऐकीव माहितीवरून ते बेटाला चिकटवलं आणि ते तिथेच राहिलं. मार्को पोलो त्या बेटावर कधी गेलाही नव्हता.