मंगळाचं ग्रीनिच कुठे आहे?

मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने काढलेला फोटो म्हणजे नकाशा नव्हे. त्या क्षणी यान नेमकं कुठे होतं, कॅमेरा कुठे रोखलेला होता, हे कळल्याशिवाय फोटोतल्या डोंगराला पत्ता देता येत नाही. ४०० किलोमीटर उंचीवरून कॅमेरा अंशाच्या शंभराव्या भागाएवढा जरी कलला, तरी जमिनीवरची जागा सुमारे ७० मीटर सरकते!

आणि पत्त्यासाठी लागणारे रेखांश मोजायचे कुठून? मर्टन डेव्हिस यांच्या गटाने मरिनर ९ या यानाच्या फोटोंमधून शून्य रेखांशासाठी जेमतेम अर्ध्या किलोमीटरचं एक विवर निवडलं, एअरी-०. पृथ्वीवरची शून्य रेखांशाची ग्रीनिचची रेषा ज्यांच्या दुर्बिणीवरून ठरली, त्या जॉर्ज एअरींचंच नाव! मला हे फार आवडतं.

उंचसखल भाग मोजला तो मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानावरच्या 'मोला' या लेझर यंत्राने, ६० कोटींहून अधिक वेळा. यानाच्या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दोन्ही वेळची उंची सारखीच यायला हवी. ती जुळवत जुळवत कक्षेतल्या चुका काढल्या. पुढचे कित्येक फोटो याच चौकटीवर बसवले गेले.

आता रेखांशाचा आधार आहे १९७६ साली मंगळावर उतरलेलं व्हायकिंग १ हे यान. त्याच्या रेडिओ संदेशांवरून त्याची जागा विवराच्या मध्यबिंदूपेक्षा खूपच अचूक कळली, म्हणून तिला ४७.९५१३७ अंश पश्चिम हा रेखांश कायमचा दिला. हा आकडा अशा बेताने निवडलाय की शून्य रेषा अजूनही एअरी-० मधूनच जाते.