खुर्ची एक, वाटेकरी नऊ
(दक्षिण अमेरिकेचे सत्ताधीश : उरुग्वे)

सारी सत्ता एका हाती गेली की काय होते, हे पॅराग्वेच्या डॉ. फ्रान्सियाच्या राजवटीत आपण पाहिले. शेजारच्या खंडप्राय देशांमध्ये अंग चोरून बसलेल्या उरुग्वेने मात्र नेमका उलटा प्रश्न विचारला : राष्ट्राध्यक्षाची खुर्चीच वाटून टाकली तर? हा प्रश्न रक्तातून आला होता. कोलोरादो आणि ब्लांको हे तिथले दोन जुने पक्ष एकमेकांशी मतपेटीपेक्षा बंदुकीनेच अधिक बोलत. १९०४ मध्ये ब्लांकोंचा सरदार आपारिसिओ साराविया मासोयेरच्या लढाईत जखमी होऊन मेला, तेव्हा कुठे मोठी यादवी थांबली. जिंकलेले कोलोरादो राष्ट्राध्यक्ष होसे बाझ्ये इ ओर्दोन्येस यांनी मुदत संपल्यावर १९०७ मध्ये पद सोडले, कारण लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यास घटनेची मनाई होती. मग ते युरोपात गेले. स्वित्झर्लंडचे सात जणांचे मंडळ त्यांच्या मनात भरले आणि दुसऱ्या कारकिर्दीत, १९१३ मध्ये, त्यांनी राष्ट्राध्यक्षपदच मोडून नऊ जणांचे मंडळ आणण्याची योजना मांडली.

माझे म्हणणे असे, की उरुग्वेचे नुकसान सत्ता वाटल्याने झाले नाही. अर्धवट वाटल्याने झाले. १९१६ ची घटना समितीची निवडणूक बाझ्ये यांचा गट हरला आणि तडजोड करावी लागली. १९१९ पासून नऊ जणांचे मंडळ आले; त्यात सहा जागा बहुमताला, तीन विरोधकांना. ज्या वाट्यासाठी ब्लांको शस्त्र उचलत, तो त्यांना घटनेनेच दिला, ही या तडजोडीची मोठी कमाई. पण राष्ट्राध्यक्षपद शिल्लक राहिले आणि लष्कर, पोलीस त्याच्याच हाती राहिले. शिक्षण आणि तिजोरी मंडळाकडे, बंदूक मात्र एकाकडे. ३१ मार्च १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल तेर्रा यांनी त्याच पोलिसांच्या बळावर मंडळ आणि संसद बरखास्त केली. मंडळाचे सदस्य आणि माजी राष्ट्राध्यक्ष बाल्तासार ब्रुम यांनी पकडायला आलेल्यांना दारातूनच पिस्तुलाच्या बळावर परतवले. कित्येक तास ते तसेच उभे होते. लोक मदतीला उठले नाहीत. अखेर भर रस्त्यात येऊन त्यांनी स्वतःवर गोळी झाडली.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्षपद काढून खरेखुरे नऊ जणांचे मंडळ आले, तेही फसलेच ना? लोकरीचे भाव पडले, महागाई भडकली आणि नऊ तोंडांतून एक निर्णय निघेना. १९६६ च्या सार्वमतात जनतेनेच ते मंडळ मोडले. मंडळ संथ होते, हे मान्यच करायला हवे. पण हुकूमशाही त्या संथपणात आली नाही. एकहाती कारभार परतल्यावर १९६८ पासून आणीबाणीच्या अधिकारांचा सपाटा सुरू झाला, आणि २७ जून १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष बोर्दाबेरी यांनी सैन्याच्या साथीने संसद बरखास्त केली. मंडळाने निर्णय लांबवले. देशाच्या तोंडाला कुलूप घातले ते एकट्या माणसाच्या सहीने.

देश लहान म्हणून हे प्रयोग जमले, असेही म्हणतात. पण लहानपणाने तेर्रा थांबले नाहीत, की बोर्दाबेरी. थांबवले ते सत्ता वाटून घेण्याच्या सवयीने. १९८० मध्ये लष्कराने स्वतःची घटना सार्वमताला टाकली, तेव्हा भीतीच्या छायेतही बहुसंख्यांनी ‘नाही’ म्हटले. आज मंडळ नाही, पण सलग दुसऱ्या मुदतीची मनाई आहे. ताबारे वास्केस २०१० मध्ये पायउतार झाले, पाच वर्षे मुहिका यांनी कारभार पाहिला, मग वास्केस पुन्हा निवडून आले. माणसांत वाटलेली सत्ता टिकली नाही. काळात वाटलेली टिकली. बाझ्ये यांनी १९०७ मध्ये पाळलेला नियमच त्यांच्या नऊ खुर्च्यांपेक्षा दीर्घायुषी ठरला.

(क्रमशः)