‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारे की न घेणारे? टँकर आणि ड्रमवरच्या शब्दाचा नेमका अर्थ

छत्रपती संभाजीनगर : १ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे सिडको चौकातील उड्डाणपुलाजवळ एलपीजीच्या टँकरला अपघात झाला आणि गॅसगळती सुरू झाली. जालना रोडवरील वाहतूक थांबवण्यात आली, परिसरातील वीज बंद करण्यात आली आणि काहीही पेटवू नका, असे नागरिकांना सांगण्यात आले. अग्निशमन दलाचे जवान कित्येक तास टँकरवर पाण्याचा मारा करत होते. ठिणगी पडली नाही, म्हणून मोठा अनर्थ टळला.

अशा टँकरच्या मागे बहुतेक वेळा ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत थिनर आणि रंगांच्या ड्रमवरही हाच शब्द दिसतो. मात्र, थोडेफार इंग्रजी येणारा माणूसच या शब्दाला हमखास फसतो.

गोंधळ का होतो?

‘करेक्ट’चे ‘इनकरेक्ट’ होते, ‘डायरेक्ट’चे ‘इनडायरेक्ट’. म्हणजे ‘इन’ लागला की अर्थ उलटतो, असे शाळेत शिकवले जाते. त्याच हिशेबाने ‘फ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारे आणि ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेट न घेणारे, असा समज होतो. प्रत्यक्षात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे : चटकन पेट घेणारे.

मग हा ‘इन’ कोणता?

हा शब्द ‘पेटवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. त्यातला ‘इन’ नकाराचा नाही, तो अर्थाला जोर देतो. शरीराच्या एखाद्या भागाचा दाह होतो तेव्हा डॉक्टर ‘इन्फ्लेमेशन’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. मराठीतही असे होते. ‘विजोड’ म्हणजे जोडी न जुळणारे. पण ‘विख्यात’ म्हणजे ख्याती नसलेला नव्हे, तर खूप ख्याती असलेला. उपसर्ग तोच, काम मात्र वेगळे.

जगाने शब्द बदलला, आपल्याकडे?

या गोंधळातून जीव जाऊ शकतो, हे ओळखून अमेरिकेतील ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ने १९२०च्या दशकापासून ‘फ्लेमेबल’ या शब्दाचा आग्रह धरला. आज संयुक्त राष्ट्रांच्या रसायन-लेबल पद्धतीतही ‘फ्लेमेबल’च वापरतात. भारतात मात्र जुना शब्द टिकून आहे. १९५२चा एक केंद्रीय कायदाच ‘इन्फ्लेमेबल सबस्टन्सेस ॲक्ट’ या नावाचा आहे. त्यामुळे एका ड्रमवर एक शब्द आणि शेजारच्या ड्रमवर दुसरा, असे चित्र दिसू शकते. दोन्हींचा धोका सारखाच समजावा.

‘पेट न घेणारे’ कसे ओळखायचे?

त्यासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’ हा शब्द आहे. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांसारख्या वायूंच्या सिलिंडरवर तो दिसतो आणि त्याचे चौकोनी चिन्ह हिरवे असते. ‘फायर रेझिस्टंट’ म्हणजे आगीला काही काळ तोंड देणारे. कधीच न जळणारे नव्हे.

‘कम्बस्टिबल’ वेगळे का?

‘कम्बस्टिबल’ म्हणजे जळू शकणारे, पण सहसा इतक्या चटकन पेट न घेणारे. द्रवाची पुरेशी वाफ होऊन ती ठिणगीने पेटू शकते, त्या किमान तापमानाला ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणतात. भारतात हे तापमान २३ अंश सेल्सिअसच्या खाली असलेली पेट्रोलियम उत्पादने ‘अ’ वर्गात मोडतात. पेट्रोल त्यातलेच. त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याच्याही बराच खाली असल्याने त्याची वाफ हिवाळ्यातही पेटू शकते. डिझेल ‘ब’ वर्गात येते.

कापूस, कापड, पुठ्ठा यांवर तर कोणतेच लाल लेबल नसते. म्हणून ते सुरक्षित ठरत नाहीत. ३१ डिसेंबर २०२३ रोजी पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्या ६ कामगारांचा मृत्यू झाला.

मराठी शब्द अधिक स्पष्ट

‘ज्वालाग्राही’ म्हणजे ज्वाला पकडणारे. ‘ज्वलनशील’ म्हणजे जळण्याचा गुण असलेले. दोन्ही शब्दांत उलट अर्थ काढायला जागाच नाही. कारखान्यांतील सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात, अशी अट १९४८च्या कारखाने अधिनियमातच होती. इंग्रजी लेबलाशेजारी हा एक मराठी शब्द रंगवायला फारसा खर्च येत नाही.

शब्द न वाचताही धोका ओळखा

• लाल रंगाचा, टोकावर उभा चौकोन आणि त्यात ज्योत : पदार्थ चटकन पेट घेणारा आहे.

• टँकरवरील पाटीवर चार अंकी यूएन क्रमांक असतो. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल. मदत मागताना सुरक्षित अंतरावरून दिसला, तर हा क्रमांक सांगावा.

• रिकाम्या ड्रमवर हे चिन्ह असेल, तर त्यात वाफ उरलेली असू शकते. असा ड्रम गॅस कटरने कापू नये, त्याजवळ वेल्डिंग करू नये.

• एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, गटारात, तळघरात साचतो. वास आल्यास काडी ओढू नये आणि विजेचे बटण चालू किंवा बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे.

• बाहेर आल्यावरच फोन करावा : एलपीजी गळतीसाठी १९०६, अग्निशमन दलासाठी १०१, आपत्कालीन मदतीसाठी ११२.